मैल २६ : राण्यांच्या परमवीर चक्रामागचं हजेरीपत्रक

मैलकुली

लांबलचक आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

मागच्या आठवड्यात मेहुण्याच्या मुलीच्या लग्नाला कारवारला गेलो होतो. संध्याकाळी मोकळा वेळ मिळाला म्हणून टागोर बीचवर चक्कर मारली. तिथे आयएनएस चपल ही नौदलाची जुनी युद्धनौका लोकांना बघायला ठेवली आहे. पोरंटोरं, सेल्फी, सगळी गर्दी तिच्याभोवती. जवळच एक पुतळा आहे. लोक त्याच्याकडे पाठ करून बोटीचे फोटो काढत होते. मीही काढले. मग कुणाचा म्हणून बघितलं तर सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, परमवीर चक्र. नाव कधीतरी कानावरून गेलेलं. कशासाठी मिळालं म्हणून कुणी विचारलं असतं तर मात्र माझं ठणठणपाळ.

रात्री लग्नघरात झोप कुठली? मोबाइलवर सायटेशन, म्हणजे पदकाचं प्रशस्तिपत्र, शोधून वाचत पडलो.

आता माझी गोची सांगतो. मी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी घाटरस्त्यांवर. दरड आली की अंधारात निघायचं, निदान एक एसटी जाईल एवढी वाट मोकळी करायची आणि डायरीत नोंद टाकायची : काम सुरू इतके वाजता, बंद इतके वाजता. त्या सवयीमुळे असेल, ते प्रशस्तिपत्र वाचताना मला शौर्याच्या आधी वेळाच दिसल्या. एकामागून एक. अहो, हजेरीपत्रक आहे ते! उठून पत्रिकेच्या मागच्या बाजूला उतरवून काढलं.

थोडी पार्श्वभूमी. काश्मीरसाठी पाकिस्तानशी पहिली लढाई चालू होती. १९४७ च्या डिसेंबरात जम्मू भागातलं झांगर आपल्या हातून गेलं. फेब्रुवारीत ब्रिगेडियर उस्मान यांनी नौशेरा राखलं, १८ मार्च १९४८ ला झांगर परत घेतलं. पुढचा टप्पा राजौरी. नौशेरा ते राजौरी रस्ता डोंगरातला, अरुंद, आणि मागे हटताना समोरच्यांनी तो पार नासवून ठेवलेला. सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या, कडेचे भराव फोडलेले. पायदळ डोंगरातून जाईल हो, पण टँक आणि मागची रसद कशी न्यायची? ते काम लष्करी इंजिनिअरांच्या ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या एका तुकडीकडे आलं आणि तुकडी राण्यांकडे.

८ एप्रिल. मैल २६, नादपूर साउथजवळ. सकाळचे अकरा. माणसं टँकांपाशी काम सुरू करायच्या तयारीत उभी आहेत तोच मॉर्टरचा मारा आला. दोन ठार, पाच जखमी. पाचांत राणे स्वतः. उरलेल्यांची पुन्हा जुळवाजुळव करून काम सुरू. साडेचारच्या सुमारास बरवाली रिज डोग्रा पलटणीने घेतली. शत्रू पुरता हटलेला नाही हे माहीत असूनही राणे माणसं घेऊन पुढे गेले आणि टँकांसाठी डायव्हर्शन, म्हणजे बाजूने वळणवाट, काढायला लागले. रात्री दहापर्यंत. शत्रूच्या नजरेसमोर, मशीनगनच्या माऱ्यात.

९ एप्रिल. सकाळी सहाला सुरू. तीन वाजता डायव्हर्शन तयार. आमच्याकडे असतं तर तिथे नारळ फोडून लोक घरी गेले असते. हे गृहस्थ सगळ्यात पुढच्या कॅरियरमध्ये (छोटी चिलखती गाडी) चढून निघाले. अर्ध्या मैलावर रस्त्यात पाइनची झाडं आडवी. उतरले, सुरुंग लावून उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. तोवर पाच वाजले. रस्ता डोंगराला सापासारखे वळसे घालत चाललाय. पुढे मोरी फोडलेली. हात घालणार तोच मशीनगन सुरू. तरी बाजूने वाट काढली. सव्वासहाला उजेड चालला होता, आणि समोर पाच मोठे पाइन, भोवती सुरुंग, वरून मशीनगनचा पहारा. राणे सुरुंग काढायला बसलेसुद्धा. शेवटी रणगाडा दलाच्या कमांडरनेच ताफा रात्रीपुरता थांबवला.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाच. (ही वेळ मी दोनदा वाचली. पावणेपाच. जखमी माणूस.) साडेसहाला ती पाच झाडं बाजूला. पुढचे हजार यार्ड म्हणजे नुसते अडथळे आणि फोडलेले भराव. साडेदहाला तेही मोकळे. टँक रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोचले. टँक पोचले म्हणजे काम झालं असं तुम्हाआम्हाला वाटेल. पण मागून रसदीच्या गाड्या यायच्या होत्या, त्यांना रस्ताच हवा. राणे रात्री नऊपर्यंत रस्त्यावर. अन्न नाही, विश्रांती नाही.

११ एप्रिल. सहाला सुरू, अकराला चिंगसपर्यंत रस्ता खुला. मग पुढचा रस्ता, रात्री दहापर्यंत.

१२ तारखेला राजौरी हातात आली.

सगळ्या सायटेशनमध्ये त्यांनी अमक्याला मारलं असं एकही वाक्य नाही. म्हणून हा धागा. आणखी माहिती असेल त्यांनी भर घालावी.

कोडीबागकर

वाह! आमच्या गावात येऊन गेलात आणि आम्हाला पत्ता नाही. पुढच्या वेळी कळवा, इसवणाची कडी आणि भात ठरलेला.

राणे मूळचे चेंडियाचे, कारवारच्या दक्षिणेला, जवळच आहे. जन्म २६ जून १९१८. वडील पोलिसात, सतत बदल्या, त्यामुळे शाळा अशीतशीच झाली. १९३० च्या चळवळीत पोरगं ओढलं जातंय असं दिसल्यावर वडिलांनी कुटुंब परत चेंडियाला हलवलं. १० जुलै १९४० ला बाँबे इंजिनिअर्समध्ये भरती. ट्रेनिंगमध्ये उत्तम रिक्रूट ठरले आणि कमांडंटची केन (मानाची छडी) मिळवली. मग ब्रह्मदेश, २६ वी डिव्हिजन. माघारीच्या वेळी बुथिडाँगला दारूगोळा आणि गाड्या नष्ट करायला त्यांच्या सेक्शन्स मागे ठेवल्या होत्या. काम झाल्यावर नौदल उचलून नेणार असं ठरलेलं, पण ते जमलं नाही. स्वतःच जपानी गस्ती चुकवत नदी पार करून परत आले. त्यानंतर हवालदार, मग जमादार.

पुतळा २००६ चा आहे. लोक पाठ करून उभे राहतात हे खरंय. आम्ही पण.

शिवारफेरी

फार छान लेख. आपल्या मराठी माणसाने गाजवलेला पराक्रम वाचून ऊर भरून आला!

कोडीबागकर

शिवारफेरी, हळू घ्या. घरात कोंकणी, जिल्हा आज कर्नाटकात. आमच्याकडे कानडी लोकही "आमचा" म्हणतात, गोव्याचे लोकही म्हणतात.

शिवारफेरी

१९४८ साली कारवार मुंबई प्रांतात होतं की नाही? १९५६ पर्यंत होतं. झालं तर मग.

चौकीदार_मामा

धाग्याचं काश्मीर करू नका ही विनंती.

रिकामटेकडा

मामा, विषयच काश्मीर आहे हो. =))

तिरपागडे

मला शिव्या पडणार हे गृहीत धरून लिहितो. राण्यांबद्दल अनादर अजिबात नाही. पण रस्ता साफ करणं हे इंजिनिअरचं कामच ना? त्यासाठीच पगार आहे. नाईक जदुनाथसिंगांनी नौशेराजवळ तैनधारला एकट्याने हल्ला परतवला, जीव दिला. त्याला परमवीर म्हटलं की लगेच पटतं. इथे सोबत टँक, पायदळ सगळं होतं. ड्युटी उत्तम केली आणि सर्वोच्च पदक, यातली रेघ कुठे ओढायची? प्रामाणिक प्रश्न आहे.

खडकीचा_सॅपर

तिरपागडे, प्रश्न रास्त आहे, शिव्या नाही देत. मी खडकीला तयार झालेला सॅपर, म्हणजे लष्करी इंजिनिअरांतला जवान, चोवीस वर्षं वर्दीत काढली. जरा सविस्तर सांगतो.

पहिलं, टँक सोबत होते म्हणता, तर टँक म्हणजे आंधळा हत्ती. ड्रायव्हरला फटीतून दिसतं तेवढंच. घाटरस्त्यावर एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. पहिल्याच टँकची पट्टी सुरुंगाने तुटली की मागचे सगळे अडकले. वळता येत नाही, ओलांडता येत नाही. वरून मॉर्टर. म्हणजे टँक राण्यांना राखत होते हे खरं, पण टँकांचा जीव राण्यांच्या बोटांत होता हेही तितकंच खरं.

दुसरं, सुरुंग कसा शोधतात. आमच्या वेळेलाही हाताने शोधायला शिकवायचे, कारण यंत्र बिघडतं, हात बिघडत नाही. पालथं पडायचं. संगीन किंवा सळई तिरकी खुपसायची, साधारण तीस अंशांत. सरळ वरून नाही, नाहीतर दाब नेमका सुरुंगाच्या डोक्यावर पडतो. दोन बोटं पुढे, पुन्हा खुपस. काही लागलं की आवाजबिवाज येत नाही, मनगटाला कळतं. मग हाताने माती बाजूला करायची, कडा मोकळ्या करायच्या, आणि खाली दुसरा काही लावून ठेवलाय का ते बोटांनी चाचपायचं. आमचे उस्ताद डोळ्यांना पट्टी बांधून करायला लावायचे. उन्हात, शांत मैदानात, खोट्या सुरुंगांवर. तरी बनियन पिळून निघायची.

आता हेच मशीनगनच्या माऱ्यात करा. पायदळाचा जवान गोळी आली की दगडामागे जातो, उत्तर देतो. सॅपरला दगडामागे जाता येत नाही, कारण सुरुंग दगडामागे नाही, रस्त्यात आहे. त्याचे दोन्ही हात मातीत. बंदूक पाठीवर. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात की ज्या अडथळ्यावर कुणाची बंदूक रोखलेली नाही तो अडथळाच नव्हे. सायटेशनमधली ती पाच झाडं, भोवती सुरुंग, वरून मशीनगन, हे अगदी पुस्तकातलं चित्र आहे. समोरचा माणूसही शिकलेला होता.

आणि झाडं "उडवली" म्हणजे लांबून बटण दाबलं नाही. खोडापर्यंत जायचं, खाली फांद्यांत काही दडवलंय का बघायचं, स्फोटक नीट बांधायचं, फ्यूज पेटवायचा आणि मग चालत परत यायचं. पळायचं नाही. पळताना पडलात तर संपलं.

रेघ कुठे, विचारता. माझ्या मते रेघ ८ तारखेला सकाळी अकरालाच आहे. दोन माणसं मेली, स्वतः जखमी. तिथे दुसरा अधिकारी बोलावून मागे जाण्यात काही कमीपणा नव्हता, कुणी नाव ठेवलं नसतं. त्यानंतरचे तीन दिवस ड्युटीच्या पलीकडचे.

मैलकुली

खडकीचे दादा, दंडवत. "चालत परत यायचं" हे वाचून थांबलो. आमच्याकडे खडक फोडायला सुरुंग लावायचे तेव्हा ब्लास्टर म्हातारा असाच चालत यायचा, बिडी ओढत. आम्ही तोवर दोनशे मीटरवर कानात बोटं घालून.

तिरपागडे

"सुरुंग दगडामागे नाही, रस्त्यात आहे." मान्य. माघार घेतो. जदुनाथसिंगांशी तुलना मीच चुकीची केली.

निळीशाई

वय बघा हो. सेकंड लेफ्टनंट म्हटलं की डोळ्यांसमोर विशीतलं पोरगं येतं. राणे तेव्हा २९ वर्षांचे. कमिशन मिळालं १५ डिसेंबर १९४७ ला, म्हणजे चार महिनेही झाले नव्हते, पण त्याआधी साडेसात वर्षं खालपासून वर आलेले. मैलकुली, तुमच्या भाषेत सांगायचं तर मस्टरवरचा मजूर, मग मुकादम, मग साहेब. हातात पहार धरलेला साहेब.

मैलकुली

निळीशाई, अगदी! असा साहेब साइटवर आला की गँग वेगळंच काम करते. कारण त्याला फसवता येत नाही.

खडकीचा_सॅपर

वर एक गोष्ट राहिली. आमच्या ग्रुपची (बाँबे इंजिनिअर्स म्हणा की बाँबे सॅपर्स, एकच) दुसरी कथा सांगितल्याशिवाय राण्यांची पुरी होत नाही.

सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत. १९४१, अबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया. इटालियन माघार घेताहेत, मागे रस्ताभर सुरुंग. भगत बाँबे सॅपर्सच्या २१ फील्ड कंपनीबरोबर. चार दिवस, ५५ मैल, १५ सुरुंगक्षेत्रं, सगळ्यात पुढच्या कॅरियरमध्ये बसून. दोनदा खालचं कॅरियर उडालं, सोबतचे गेले. एका कानाचा पडदा फाटला. बदली माणूस देतो म्हटल्यावर नको म्हणाले. कारण काय दिलं? आता या कामात माझा हात बसलाय, शेवटपर्यंत मीच करतो. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तो मिळवणारे पहिले भारतीय अधिकारी.

आता राण्यांचं सायटेशन शेजारी ठेवा. चार दिवस, पुढचं कॅरियर, पहाटेपासून अंधारापर्यंत. दोघांचा जन्म १९१८ चा. राणे १९४० साली भरती झाले, म्हणजे पुढच्याच वर्षापासून नवख्या सॅपरच्या कानावर भगतसाहेबांची गोष्ट रोज पडत असणार. आमच्या कानावर चाळीस वर्षांनी पडत होती तर त्यांच्या का नाही?

आडवी_वीण

युद्धातलं मला फार कळत नाही, पण पदक या वस्तूचं वेड आहे, म्हणून तेवढीच भर घालते.

परमवीर चक्र हातात घेतलं तर निराशा होईल असं आहे. सोनं नाही, चांदी नाही, ब्राँझ. व्यास १ ३/८ इंच, म्हणजे जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. आपल्या मंगळसूत्राच्या वाट्यांपेक्षा मोठं, पण तबकातल्या चांदीच्या वाटीत मावेल एवढंच. मधे अशोकस्तंभाची राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं. मागे पदकाचं नाव आणि मधे कमळं. फीत सरळ जांभळी. एक रेघ नाही, काठ नाही. बाकीच्या पदकांच्या फिती बघा, पट्ट्यापट्ट्यांच्या असतात. ही कोरी.

हे घडवलं सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्म स्वित्झर्लंडचा, १९१३. वडील हंगेरियन, आई रशियन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथे आल्या त्या इथल्याच झाल्या. संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी पदकांचं काम त्यांच्याकडे दिलं. वज्र कशाचं केलेलं, आठवतंय ना? दधीची ऋषींच्या अस्थींचं. त्यांनी ती मागितल्यावर दिली. विदेशातून आलेल्या बाईला हे सुचलं, आपण तिथे तलवारबिलवार काढून मोकळे झालो असतो.

आणि योगायोग बघा, पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मांचं, आणि ते सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर.

शिवारफेरी

वीणताई, तलवार आहेच की! पदकावर वज्राच्या दोन बाजूंना महाराजांची भवानी तलवार आहे. व्हॉट्सॲपवर दर २६ जानेवारीला येतं.

आडवी_वीण

दर वर्षी येतं, आणि दर वर्षी मी भिंग घेऊन बसते. सरकारी वर्णनात फक्त चार वज्रं आणि राजमुद्रा आहे, भवानी नाही. सावित्रीबाईंना महाराजांबद्दल आदर होता, त्यातून गोष्ट वाढली असावी. रागावू नका.

शिवारफेरी

रागावलो नाही. हिरमुसलो.

अनुस्वार

एक शंका. पराक्रम एप्रिल १९४८ चा आणि पदक १९५० सालचं. मधली दोन वर्षं काय करत होते?

निळीशाई

पदकच नव्हतं हो! स्वातंत्र्यानंतर इंग्रजांची पदकं देणं प्रशस्त नाही आणि आपली अजून ठरलेली नाहीत. परमवीर, महावीर, वीर ही तिन्ही चक्रं २६ जानेवारी १९५० ला स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली. १९४७-४८ च्या लढाईची पाच परमवीर चक्रं : सोमनाथ शर्मा, जदुनाथसिंग, राणे, पिरूसिंग, करमसिंग. यातले तिघे गेलेले. राणे आणि करमसिंग हयात, आणि दोघांत राण्यांची कामगिरी आधीची. म्हणून परमवीर चक्राचे पहिले हयात मानकरी राणे.

ते १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले. पुढे पुण्यातच. ११ जुलै १९९४ ला गेले.

पुणेरी_पाटी

थांबा, १९९४? पुण्यात? मी तेव्हा कॅम्पात बँकेत काउंटरला होतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्त फौजींची रांग असायची. त्यातले कोण काय करून आलेत याचा आम्हाला पत्ता नसायचा, आणि तेही सांगायचे नाहीत. पासबुक पुढे सरकवायचे, "भर दे बेटा" म्हणायचे. आता उगाच एकेक चेहरा आठवत बसलोय.

दर्यावर्दी

अवांतर, पण राहवत नाही. शिपिंग कॉर्पोरेशनने १९८४ च्या सुमारास आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली होती. त्यातलं एक राण्यांचं होतं. आमचा एक सीनियर त्यावर होता. सांगायचा, परदेशी बंदरात शिरताना रेडिओवर पूर्ण नाव सांगायचं, हुद्द्यासकट, शेवटी पीव्हीसी (परमवीर चक्र) लावून. पलीकडचा माणूस म्हणायचा, पुन्हा सांगा. हे पुन्हा सांगायचे. तिसऱ्यांदा तो म्हणायचा, ठीक आहे, रानी, या आत. क्रू भडकायचा. मग कुणीतरी मोडक्या इंग्रजीत सांगायचा की रानी नाही, राणे, आणि तो टँकर नव्हता, टँकरांना वाट करून देणारा होता. (विनोद त्याचा, माझा नाही.)

२०२३ साली अंदमानातल्या २१ बेटांना परमवीरांची नावं मिळाली, त्यात एक राण्यांचं.

गडवाट

मैलकुलीकाका, चिंगसबद्दल थोडं. काश्मीरला जाणाऱ्या जुन्या मुघल मार्गावरचा तो मुक्काम, तिथे सराई आहे. १६२७ साली जहांगीर काश्मीरहून परतताना वाटेत गेला. वारसाहक्काचा गोंधळ नको म्हणून बातमी दाबून ठेवायची होती, तेव्हा त्याची आतडी तिथे पुरून बाकीचा देह पुढे नेला असं सांगतात. फारसीत आतड्यांना चिंगस म्हणतात आणि तेच गावाचं नाव, असंही सांगतात. म्हणजे ज्या रस्त्यावर राणे खपले तो राजरस्ता होता एके काळी.

रिकामटेकडा

जेवताना वाचत होतो. धन्यवाद.

कापूसवेचणी

मी एका चित्रफितीत ऐकलंय की राणे पहिल्या टँकच्या पोटाखाली सरपटत सुरुंग काढत होते आणि ड्रायव्हरला दोरीने इशारे देत होते. एका दोरीला ओढ दिली की थांब, दुसरीला दिली की चल. हे या धाग्यात कसं नाही आलं? सगळ्यात थरारक भाग तर तोच आहे!

मैलकुली

सायटेशनमध्ये नाही म्हणून मी लिहिलं नाही. हजेरीपत्रकात नसलेला दिवस मी धरत नाही, जुनी खोड.

खडकीचा_सॅपर

ही गोष्ट आम्हीही ऐकलेली आहे, आणि सांगणारे ती भक्तिभावाने सांगतात. सॅपर म्हणून मला एवढंच दिसतं की टँकचा आडोसा घेऊन काम करायचं तर ड्रायव्हरशी बोलायला काहीतरी हवंच. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही आणि तो खाली बघू शकत नाही. दोरी ही आमची जुनी भाषा आहे, पूल बांधतानासुद्धा वापरतो. पण मैलकुली म्हणतात तेही बरोबर. प्रशस्तिपत्रात जेवढं आहे तेवढ्यावरच पदक मिळालंय, आणि तेवढं पुरे आहे.

आडवी_वीण

एक सांगू? मैलकुलीकाकांचा लेख मी आईला वाचून दाखवला. ती ८१ वर्षांची आहे, तिला परमवीर वगैरे काही नाही. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "त्या पहिल्या दिवशी जे दोघे गेले ते कोण गं?"

मैलकुली

वीणताई, आईंना नमस्कार सांगा. सायटेशनमध्ये "दोन माणसं ठार" एवढंच आहे. मी तीन वेळा वाचलं आणि ओलांडून पुढे गेलो. खरं तर आमच्याकडेही असंच असायचं. दरडीखाली कुणी गेला की अहवालात "एक मजूर". नाव वेगळ्या फाइलला.

खडकीचा_सॅपर

नावं आहेत. दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारकात. तिथे परमवीरांचे अर्धपुतळे एका बाजूला आहेत, त्यात राणे आहेतच. पण मधल्या स्तंभाभोवती गोल भिंती आहेत, त्याला त्यागचक्र म्हणतात. ग्रॅनाइटच्या विटा, प्रत्येक विटेवर एक नाव, हुद्दा, पलटण. २५ हजारांच्या वर आहेत. ४७-४८ चे सगळे त्यातच.

गंगाजमुना

मी दिल्लीत राहतो, द्वारकेला. इंडिया गेटला दर रविवारी पोरांना घेऊन जातोच, स्मारकात एकदाच गेलोय, तेही घाईत. खडकीचे दादा, ४८ सालच्या विटांवर तुमच्या ग्रुपचं नाव कसं लिहिलेलं असेल? बाँबे इंजिनिअर्स, बाँबे सॅपर्स, की नुसतं इंजिनिअर्स? नीट सांगा. रविवारी सकाळी उघडतानाच जातो, ऊन चढायच्या आत.

खडकीचा_सॅपर

तिन्ही बघा. आणि एकच ओळ धरून डावीकडून उजवीकडे जा, मधे सोडू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.